प्रेस्टन रिव्ह्युलेट्स खरंच साडेतीनशेपैकी दोनच सामने हरल्या होत्या का?

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात केंब्रिजला नव्याने राहायला आलेल्या एका आईने विचारलं आहे: "आमची नऊ वर्षांची मुलगी या हिवाळ्यापासून मुलींच्या आइस हॉकीला जायला लागली. जॅकेटवर 'रिव्ह्युलेट्स' असं नाव आहे. रिंकवर भेटलेले एक आजोबा म्हणाले की या नावाचा जुना संघ साडेतीनशे सामन्यांत फक्त दोनदा हरला होता. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर त्यांचं नाव आम्ही कधी ऐकलं कसं नाही? शिवाय मुलगी गोलकीपरच व्हायचं म्हणते आहे. होऊ द्यावं का?"

मी या भागात पंचवीस वर्षं मुलींच्या हॉकीत आहे. आधी पाण्याच्या बाटल्या भरणारी आई, मग टीम मॅनेजर, मग कोच, आणि गुडघा कुरकुरायला लागेपर्यंत रेफरी. मूळची सांगलीची. स्केट्स पहिल्यांदा पायात घातले तेव्हा वय चौतीस होतं आणि कठडा सोडायला मला तीन आठवडे लागले. मी इतिहासकार नव्हे. पण या संघाच्या गोष्टी इतक्या जणांकडून ऐकल्या आणि इतक्या मुलींना सांगितल्या की त्यात पीठ किती आणि कोंडा किती हे आता चाळता येतं.

आकडा जसाच्या तसा धरू नका. संघ मात्र खराखुरा भारी होता, आणि त्याची खरी गोष्ट आकड्यापेक्षा रंगतदार आहे.

आधी गाव. आज ज्याला केंब्रिज म्हणतात ते १९७३ मध्ये गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही तीन गावं एकत्र करून झालेलं शहर. जुनी माणसं अजूनही "मी प्रेस्टनचा" असंच सांगतात. केंब्रिजचा म्हटलं तर त्यांना थोडं लागतं. प्रेस्टनजवळ स्पीड नदी ग्रँड नदीला मिळते. रिव्ह्युलेट म्हणजे छोटा ओढा, ओहोळ. त्याला शेवटी बायकी वळण देऊन 'रिव्ह्युलेट्स'. आपल्याकडे एखाद्या संघाने 'ओहोळिणी' असं नाव घ्यावं, तसं काहीसं.

हे नाव हॉकीच्या आधीचं आहे. प्रेस्टन रिव्ह्युलेट्स हा मुळात मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ. १९३० चा उन्हाळी हंगाम संपला आणि आता हिवाळाभर करायचं काय, असा प्रश्न पडला. कुणीतरी हॉकीचं नाव काढलं, कुणीतरी मुलींना ते काय जमणार म्हणून हसलं, आणि मग ईर्ष्येने संघ उभा राहिला, अशी गोष्ट इथे सांगतात. हसणारा कोण होता हे ज्याच्या त्याच्या सांगण्यावर! बर्फ होता तो गावातल्या लाउदर स्ट्रीटवरच्या रिंकचा.

संघाचा कणा म्हणजे बहिणींच्या दोन जोड्या. रॅन्सकोम बहिणी: हिल्डा राइट विंगला आणि नेली गोलमध्ये. श्मक बहिणी: मार्म सेंटरला आणि हेलन लेफ्ट विंगला. म्हणजे पुढच्या तिघी आणि मागची गोलकीपर, बर्फावरच्या सहाजणींपैकी चौघी दोन घरांतून आलेल्या. ज्यांनी लहान मुलींना कोचिंग दिलं आहे त्यांना याचं मोल लगेच कळेल. हॉकीत पक, म्हणजे रबराची चकती, ज्या वेगाने फिरतो त्यात वर मान करून बघायला वेळ नसतो. बहीण कुठे असणार हे माहीत असावं लागतं, आणि स्टिक तिकडे आपोआप वळावी लागते. मी पुढच्या तिघींच्या अशा ओळी जमवण्यासाठी अख्खे हंगाम घालवले आहेत. जरा जमल्यासारखं वाटतं तोवर एकीचे वडील नोकरी बदलून दुसऱ्या गावी जातात. प्रेस्टनच्या मुलींचा गाभा मात्र वर्षानुवर्षं हलला नाही. सॉफ्टबॉलमुळे त्या उन्हाळ्यातही एकत्रच होत्या.

हिल्डाबद्दल एकच साक्ष देते. पुढे डेट्रॉइट रेड विंग्जकडून एनएचएलमध्ये, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला कार्ल लिस्कोम याच भागातला. त्याने नंतर सांगितलं होतं की हिल्डा आम्हा मुलांपैकी कुणाच्याही तोडीची होती, आणि त्या 'आम्हा'त मी स्वतःही आलो. लिस्कोम काही सोम्यागोम्या नव्हता. त्याच्या तोंडचं हे वाक्य मला साडेतीनशेच्या आकड्यापेक्षा जास्त वजनदार वाटतं.

पहिल्याच हिवाळ्यात, म्हणजे १९३०-३१ मध्ये, त्या ऑन्टारियोच्या विजेत्या झाल्या. त्यानंतर १९४० पर्यंत प्रांताचं विजेतेपद दुसऱ्या कुणाला मिळालंच नाही. दहा वर्षं, दहा विजेतेपदं. प्रांताच्या चषकाला नाव होतं बॉबी रोझेनफेल्डचं. ही बाई स्वतंत्र लेखाची धनी आहे. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तिने ४ x १०० मीटर रिलेत सुवर्ण आणि १०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. हॉकी, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, सगळ्यांत पुढे. नोकरी टोरोंटोतल्या चॉकलेटच्या कारखान्यात. पुढे संधिवाताने तिला खेळातून उठवलं, तर ती वर्तमानपत्रात क्रीडास्तंभ लिहायला लागली आणि बायकांच्या हॉकीची प्रांतिक संघटना चालवायला लागली. ती संघटना १९२२ ची. म्हणजे बायकांची हॉकी रिव्ह्युलेट्सनी सुरू केली असं जे कधीकधी सांगतात ते चूक. ओटावात गव्हर्नर जनरलच्या वाड्यातल्या बर्फावर १८८९ च्या सुमारास बायका खेळत होत्या, आणि त्यांत लॉर्ड स्टॅन्लीची मुलगी इझोबेलही होती. तोच स्टॅन्ली, ज्याच्या कपासाठी एनएचएलचे संघ आज झगडतात.

देशपातळीवरच्या चषकाला लेडी बेसबरोचं नाव होतं. तिचा नवरा १९३१ मध्ये कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला. त्याच्या आधी त्या खुर्चीत कोण होतं? लॉर्ड विलिंग्डन! आधी मुंबईचा गव्हर्नर, मग कॅनडाचा गव्हर्नर जनरल, आणि तिथून थेट हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. मी ज्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, ज्याच्या पाटीकडे तीन वर्षांत कधी मान वर करून पाहिलं नाही, त्याचं नाव मला कॅनडातल्या बायकांच्या हॉकीचा चषक शोधताना पुन्हा भेटलं. रिव्ह्युलेट्सचा पहिला हंगाम चालू होता तेव्हाच तो इथून निघाला. याचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही, पण सांगलीकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता आकड्याकडे. साडेतीनशे सामने, दोन पराभव, तीन बरोबरी: हे तुम्हाला सगळीकडे छापलेलं सापडेल. रेफरीच्या डोक्याने हिशेब करून बघा. दहा हिवाळ्यांत साडेतीनशे म्हणजे हिवाळ्याला पस्तीस. त्या काळी लहान गावांच्या बहुतेक रिंकचा बर्फ हवामानाच्या कृपेवर असायचा; डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत धरला तर जेमतेम तीन महिने. म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ तीन सामने. दिवसभर काम करणाऱ्या मुली, ऐन मंदीचा काळ, प्रवासाला पैसे नाहीत आणि समोर खेळायला मोजके संघ. मला हे गणित कधीच पटलं नाही. पुढे एका क्रीडा-इतिहासकार बाईंनी त्या वेळची वर्तमानपत्रं काढून सामने मोजले, तेव्हा नोंद सापडलेले सामने साडेतीनशेपेक्षा खूपच कमी भरले. पण जिंकण्याचं प्रमाण तरीही थक्क करणारंच होतं. म्हणजे आकडा फुगला तो सामन्यांचा, कर्तबगारीचा नाही.

तो फुगला कसा, याचा माझा अंदाज सांगते. त्या मुलींनी स्वतः कुठे वहीत सगळं टिपून ठेवलं असेल असं वाटत नाही. कुठलाच संघ ठेवत नाही. मी स्वतः किती सामन्यांत शिट्टी वाजवली असं विचाराल तर मी बेधडक हजार म्हणेन आणि मला त्यावर विश्वासही असेल. चाळीस-पन्नास वर्षांनी कुणी विचारायला येतं तेव्हा आठवण गोल आकड्यावर येऊन बसते, आणि एकदा तो छापला की पुढचा प्रत्येक जण तिथूनच उचलतो.

त्या दोन पराभवांपेक्षा ज्या सामन्यांना विरोधक पोहोचूच शकले नाहीत ते जास्त बोलके आहेत. पण आधी पराभवाचं. १९३३ मध्ये बायकांच्या हॉकीची देशपातळीवरची संघटना उभी राहिली आणि पहिली अंतिम लढत ठरली: पूर्वेकडून प्रेस्टन, पश्चिमेकडून एडमंटन रस्टलर्स. सामने एडमंटनला. नकाशा काढून बघा, आगगाडीने तीन हजार किलोमीटरहून जास्त. मुंबई ते कन्याकुमारी जाऊन परत यायचं आणि गाडीतून उतरून, आखडलेले पाय स्केट्समध्ये घालून, त्या वेळच्या सगळ्यात तगड्या संघाशी भिडायचं. त्या हरल्या. रस्टलर्स पहिल्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. एडमंटनकरांचं श्रेय मी कमी करत नाही, त्या चांगल्याच होत्या. पण दोन तासांच्या बसप्रवासानंतर पहिल्या पिरियडमध्ये माझ्या मुलींचे पाय कसे शिशाचे व्हायचे ते मी पाहिलं आहे.

पुढच्या वर्षांत प्रेस्टनने राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळवलं. विनिपेगचे संघ त्यांना आडवे आले आणि हरून गेले. पण हे विजेतेपद नक्की किती वेळा, यावर कुठे चार लिहिलेलं दिसेल तर कुठे सहा. यात लपवाछपवी नाही. काही वर्षी पश्चिमेच्या विजेत्यांना गाडीभाडं जमवता यायचं नाही, मग लढत व्हायचीच नाही. न झालेल्या सामन्याचा चषक मोजायचा की नाही, यावर आकडा ठरतो. पुरुषांच्या चषकाबाबत, तो खेळून जिंकला की नाही असा प्रश्न सहसा पडत नाही. इथे तो तिकिटाच्या पैशांवरून पडतो.

खेळ कसा होता? आज मुलींच्या हॉकीत अंगावर जाऊन आपटायला, म्हणजे बॉडी चेकिंगला, पेनल्टी आहे. तेव्हा तसं काही नव्हतं. बायकाही धडाधड आपटायच्या, कोपरं लागायची, हातघाईवर प्रकरण आलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चवीने यायचं. बातमीदारांचा सूर मोठा गमतीचा असे: अर्ध्या वाक्यात कौतुक, उरलेल्या अर्ध्यात मुलींचे केस आणि पावडर. बॉडी चेकिंग बायकांच्या खेळातून गेलं ते बरंच अलीकडे. १९९० मध्ये ओटावात पहिली अधिकृत महिला विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हाही ते चालत होतं. त्या स्पर्धेत कॅनडाच्या संघाला गुलाबी जर्सी दिली होती. गुलाबी जर्सी घालून एकमेकींना कठड्यावर चेपणाऱ्या बायका! मला त्या बातमीदारांची आठवण झाली.

मग हा संघ गेला कुठे? "युद्ध आलं, पेट्रोलचं रेशनिंग झालं, संघ बंद पडला" असं तुम्हाला सांगतील. युद्ध आलं हे खरं. युरोपच्या दौऱ्याचा बेत होता, तो युद्धामुळे रद्द झाला, हेही खरं. पण कॅनडात पेट्रोलचं रेशनिंग लागू झालं १९४२ च्या एप्रिलमध्ये, आणि रिव्ह्युलेट्स त्याआधीच, १९४० च्या सुमारास थांबल्या होत्या. म्हणजे नुसत्या पेट्रोलवर खापर फोडता येत नाही.

माझं मत असं: संघ हरून संपला नाही, एकटा पडून संपला. तीसच्या दशकाच्या शेवटी ऑन्टारियोत त्यांच्याशी खेळायला संघच कमी होत गेले. मंदीत गावोगावच्या मुलींचे संघ मोडले. जे उरले त्यांना प्रेस्टनकडून दर वर्षी मोठ्या फरकाने मार खायला पैसे कोण देणार? एकच संघ दहा वर्षं जिंकतो तेव्हा त्याचे चाहते खूश असतात, पण लीग आतून पोखरत असते. मी एका हंगामात बारा-शून्यने जिंकणारा संघ सांभाळला आहे. डिसेंबरपर्यंत मुलींनाच कंटाळा आला होता, आणि समोरच्या संघातल्या चौघी जानेवारीत परत आल्या नाहीत. लीग म्हणजे दुसऱ्या गावातही कुणीतरी पहाटे उठून मुलींना रिंकवर नेणं. प्रेस्टनला तो दुसरा गाव मिळेनासा झाला, त्यात युद्धाने माणसं, पैसा आणि लक्ष ओढून नेलं.

आणि युद्धानंतर? पुरुषांची हॉकी रेडिओवरून आणि १९५२ पासून टीव्हीवरून घराघरात शनिवारी रात्री जाऊन बसली. मुलींसाठी बर्फावरची जागा म्हणजे फिगर स्केटिंग. १९४८ मध्ये बार्बरा अॅन स्कॉटने त्यात ऑलिंपिक सुवर्ण आणलं, मग तर बघायलाच नको. १९५५-५६ च्या हंगामात टोरोंटोत अॅबी हॉफमन नावाची मुलगी 'अॅब' म्हणून मुलांच्या लीगमध्ये खेळत होती. स्पर्धेसाठी जन्मदाखला तपासला तेव्हा बिंग फुटलं. सॉलिड खेळत होती म्हणून तर स्पर्धेसाठी निवड झाली होती! पुढे ती ८०० मीटर धावायला ऑलिंपिकला गेली. १९८२ मध्ये बायकांच्या हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा चषकाला तिचं नाव दिलं. ती स्पर्धा भरली ब्रँटफर्डला, तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. प्रेस्टनच्या शेवटच्या हंगामापासून तोवर चाळीसहून जास्त हिवाळे गेले होते.

तुम्ही नाव का ऐकलं नाही, याचं उत्तर त्या चाळीस हिवाळ्यांत आहे. एखादा संघ लक्षात राहतो तो पुढच्या संघांमुळे. "ही नवी पोर अगदी हिल्डासारखी खेळते" असं म्हणायला नवी पोर बर्फावर लागते. ती नव्हती. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या बायका गेल्या त्या २०१० मध्ये, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनाटो. तोवर हिल्डाला जाऊन एक तप उलटलं होतं. कॅनडाच्या स्पोर्ट्स हॉल ऑफ फेमने तिला घेतलं २०१५ मध्ये.

आम्ही सुरुवात केली तेव्हाही परिस्थिती फार वेगळी नव्हती. एका रिंकच्या ऑफिसात मी आमच्या मुलींसाठी आइसटाइम, म्हणजे बर्फावर खेळायची वेळ, मागायला गेले, तर रविवारी रात्री पावणेदहाचा मिळाला. अकरा वर्षांच्या मुली, दुसऱ्या दिवशी शाळा! चांगल्या वेळा "नेहमीच्या" संघांच्या, म्हणजे मुलांच्या. मी विचारलं, नेहमीचं व्हायला किती वर्षं लागतात? काउंटरपलीकडचा माणूस भला होता, त्याने कपाट उघडून मला वेळापत्रकाची जुनी वही दाखवली. त्याच त्या नावांची पानंच्या पानं, पेन्सिलीने तीच ती खूण. त्यामुळे तुम्हाला शनिवारी सकाळी साडेसहाचा बर्फ मिळाला तरी वैतागू नका. ती फार कष्टाने मिळालेली वेळ आहे. कॉफी घरून न्या.

आता गोलकीपरचं. होऊ द्या. नेली रॅन्सकोमच्या काळात गोलकीपर तोंडावर काहीही न लावता उभ्या राहायच्या. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातली एलिझाबेथ ग्रॅहम १९२७ मध्ये तलवारबाजीची जाळी तोंडावर लावून खेळली, ते नवल म्हणून छापून आलं होतं. एनएचएलमध्ये जॅक प्लांटने मास्क कायमचा चढवला तो १९५९ मध्ये. तुमच्या मुलीच्या अंगावर आज जेवढं कवच असेल तेवढं नेलीच्या अख्ख्या संघाकडे मिळून नसेल. धोका खरा आहे तो खिशाला. म्हणून पहिल्या वर्षी पॅड विकत घेऊ नका. या वयाला बहुतेक संघ आपल्याकडचे वापरायला देतात, मॅनेजरला विचारा. स्केट्स मात्र तिच्या मापाचेच घ्या, पुढच्या वर्षी होतील म्हणून एक नंबर मोठे नकोत. आणि गोलकीपरच्या ब्लेडची धार वेगळी लावतात हे दुकानदाराला आठवणीने सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी ती आडवी सरकायला जाईल आणि जागीच अडकून पडेल. माझी पडली होती.